खिळ्यावरची किल्ली

इमारतीतले लोक तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे निखारा. हे नाव कोळशाच्या इस्त्रीच्या काळात पडलं. पुढे कोळसा गेला, विजेची इस्त्री आली, पण नाव काही विझलं नाही, कारण त्याचा संबंध इस्त्रीपेक्षा जिभेशी जास्त होता. कोणी बटण तुटलेला शर्ट आणून टाकला, तर मावशी आधी त्या माणसाची खरडपट्टी काढायची, मग बटण लावून द्यायची, आणि बटणाचे पैसे विचारले की पुन्हा खरडपट्टी काढायची.

तळमजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे पडद्याआड पलंग आणि शेगडी. नवऱ्याने तिला आणि त्या खोलीला एकाच दिवशी सोडलं. मावशीने नवऱ्याचा नाद सोडला, खोली सोडली नाही. मुलगी त्या टेबलाखाली खेळत वाढली आणि लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. ती फोनवर म्हणायची, ‘आई, आता ये माझ्याकडे.’ मावशी म्हणायची, ‘येते की. आधी या लोकांना स्वतःच्या पँटीला घडी घालता येऊ दे.’

दाराच्या आतल्या बाजूला तिने एक फळी ठोकली होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका बिऱ्हाडाची किल्ली. ही काही हौस नव्हती. इमारतीचा पाण्याचा पाइप जुना आणि सडका होता, कधी फुटेल याचा नेम नव्हता. वरचं बिऱ्हाड कुलूप लावून कामावर गेलेलं असेल, तर खालच्यांच्या गाद्या तरंगायच्या. जुना मालक दरवेळी ‘बघतो’ म्हणायचा आणि बघत बसायचा. शेवटी लोकांनीच मार्ग काढला. सगळ्यांच्या किल्ल्या मावशीकडे. कोणी धावत आलं आणि ‘पाइप गळतोय’ म्हणालं, की मावशीने त्या खोलीची किल्ली काढून द्यायची, एक अक्षर न विचारता. विचारत बसलं तर तेवढ्यात गादी गेलीच. इतकी वर्षं हे चाललं आणि एकाही घरातून चमचासुद्धा हलला नाही.

मग जुना मालक मेला, मुलांनी इमारत विकली, आणि आमच्या त्या दुर्लक्षित भागावर एकाएकी सगळ्यांचं प्रेम उतू जायला लागलं.

हे प्रेम कसं येतं ते एकदा सांगायला हवं. जोवर रस्त्यावर दिवे नव्हते, कचऱ्याची गाडी महिन्यात कधीतरी उगवायची, आणि रिक्षावाले ‘तिकडे नाही येणार’ म्हणायचे, तोवर हा भाग आमचा. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या घड्याळजीच्या दुकानात कॉफीचं दुकान निघतं. घड्याळजी हाकलला जातो, पण त्याची घड्याळं भिंतीवर ठेवतात, शोभेला, सगळी बंद. लोक येतात, त्या बंद घड्याळांखाली फोटो काढतात आणि म्हणतात, ‘काय जिवंत वस्ती आहे!’ मग दिवे लागतात. कचऱ्याची गाडी रोज येते. इमारतीच्या दर्शनी भिंतीला रंग लागतो, दारात कुंड्या येतात. मागचा पाइप तसाच गळत राहतो, कारण तो फोटोत येत नाही. आणि ज्यांनी अंधारात, घाणीत ही वस्ती धरून ठेवली, त्यांना सांगण्यात येतं की आता ही जागा तुम्हाला परवडण्यासारखी राहिली नाही. याला म्हणे सुधारणा म्हणतात! ज्याची सुधारणा व्हायची तोच उचलून बाहेर फेकायचा आणि उरलेल्याला सुधारलेलं म्हणायचं.

नव्या मालकाला कोणी कधी पाहिलं नाही. यायचा तो त्याचा मॅनेजर. तरुण, हसतमुख, तोंडात साखर आणि पायात पांढरे बूट. लोकांनी त्याचं नाव साखऱ्या ठेवलं. मावशीला मात्र तो आवडायचा. शर्ट स्वतः आणून द्यायचा, स्टुलावर बसून चहा घ्यायचा, तिच्या मुलीची चौकशी करायचा. इतकी वर्षं सगळ्यांची चौकशी मावशीनेच केलेली, तिची कोण करणार? तिने त्याला फळी दाखवली. पाइपची गोष्ट सांगितली. ‘एक अक्षर विचारत नाही मी,’ असं छाती फुगवून सांगितलं. साखऱ्या म्हणाला, ‘मावशी, अशी माणसं आता राहिली नाहीत.’ आणि कपातला शेवटचा घोट घेऊन फळीकडे बघत राहिला.

वर राहायचे ड्रायव्हरकाका. जन्मभर शहराची बस चालवलेला, एकटा, हळू बोलणारा माणूस. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मेकॅनिकांनी त्यांना भंगारात निघालेल्या त्यांच्याच बसची ड्रायव्हरची सीट खाली पाय जोडून भेट दिली होती. काका दिवसभर त्या सीटवर खिडकीशी बसायचे. कशाचा राग आला की बोलायचे काही नाहीत, फक्त उजवा पाय जमिनीवर दाबायचे, ब्रेक दाबावा तसा. भाडं जुन्या करारातलं होतं, म्हणजे अगदी थोडं, म्हणून नव्या मालकाच्या डोळ्यांत सलत होते ते काकाच. त्यांना खोली सोडण्यासाठी आधी गोडीगुलाबीने सांगून झालं, मग दमात घेऊन झालं. काकांनी ब्रेक दाबला तो दाबलाच.

मग काका जिन्यात पडले आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले. जाताना किल्ली खिळ्यावर अडकवून गेले. मावशी रोज दुपारी दुकान बंद करून त्यांना डबा द्यायला जायची, आणि ‘म्हातारा काही खात नाही रे’ हे साखऱ्यालाही सांगायची.

एका सकाळी साखऱ्या धावत आला. बाह्या वर सारलेल्या, चेहरा घाबरलेला.

‘मावशी, काकांच्या खोलीत पाइप गळतोय!’

मावशीने इस्त्री उभी केली, किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. एक अक्षर विचारलं नाही.

दुपारी ती दवाखान्यात काकांना चमच्याने सूप भरवत होती, नेमकी तेव्हाच साखऱ्याची माणसं खोली रिकामी करत होती. ती परत आली तेव्हा बसची सीट कचऱ्याच्या डब्यांशेजारी पडलेली होती. कपडे, भांडी, अंथरूण टेम्पोतून कुठे गेलं ते देव जाणे. वर दाराला नवं चकचकीत कुलूप, आणि कागद चिकटवलेला: भाडेकरू जागा सोडून गेल्याने ताबा घेण्यात आला आहे.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साखऱ्याचा धुतलेला शर्ट टेबलावर होता. तापलेली इस्त्री त्याच्या पाठीवर ठेवावी आणि निघून जावं असं तिच्या मनात आलं. पण तिने आयुष्यात कापड जाळलं नव्हतं, आणि कापडाने काय तिचं घोडं मारलं होतं? तिने शर्टाचा बोळा केला, त्याच्या ऑफिसात गेली आणि त्याच्या टेबलावर फेकला.

‘पाइप गळत होता ना रे? कुठे गळत होता, दाखव मला!’

साखऱ्याने बोळा अलगद बाजूला सरकवला. हसू जागच्या जागी होतं.

‘मावशी, चिडताय कशाला? आम्ही काही कुलूप तोडलं नाही. किल्ली तर तुम्हीच दिलीत. शेजारी स्वतः किल्ली देतात म्हणजे माणूस खोली सोडून गेला, असंच कोणीही म्हणेल. कोर्टसुद्धा.’

मावशी त्याची खरडपट्टी न काढताच परत फिरली. असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

बातमी जिन्याजिन्याने वर गेली. कोणी मावशीला बोललं नाही. तिला तोंडावर शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. पण सगळ्यात वरच्या मजल्यावरची नर्सबाई आली, तिच्याकडे न बघता म्हणाली, ‘मावशी, माझी किल्ली जरा लागणार आहे.’ मग दुसरं बिऱ्हाड आलं, मग तिसरं. सगळ्यांना आपापली किल्ली एकाच आठवड्यात लागली. फळीवर नुसते खिळे राहिले. मावशी फळीकडे पाठ करून इस्त्री करायला लागली.

काका दवाखान्यातून सुटले त्या दिवशी रिक्षातून उतरून, काठी टेकत, सवयीने तिच्या दारात आले आणि हात पुढे केला. त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं मावशीनेच होतं, आणि रोज डबा भरवताना ती ते उद्यावर ढकलायची.

‘दे गं पोरी किल्ली.’

कचऱ्याच्या डब्यांजवळून तिने आत आणून ठेवलेल्या बसच्या सीटवर तिने त्यांना बसवलं. ती सीट बघूनच ते समजले. मावशीने सगळं सांगितलं, स्वतःला एका शब्दानेही न वाचवता. काकांनी उजवा पाय जमिनीवर दाबला. नव्या खुब्याने कळ मारली असणार, तरी दाबून धरला.

‘तू दिली नसतीस तर त्यांनी कुलूप तोडलं असतं,’ एवढंच ते म्हणाले.

‘मग तोडायचं होतं! तोडू द्यायचं होतं मी!’ मावशी ओरडली आणि ढसाढसा रडली.

काका पडद्याआड पलंगावर झोपू लागले, मावशी इस्त्रीच्या टेबलाखाली, जिथे तिची मुलगी झोपायची तिथे. फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात एक वकीलबाई होती, तिच्याकडे दोघं गेली. ती म्हणाली, ‘खोली काकांचीच आहे, करार जिवंत आहे. पण आत असता, तर त्यांना तुम्हाला बाहेर काढायला कोर्टात यावं लागलं असतं. आता तुम्ही बाहेर आहात, म्हणून आपल्याला जावं लागेल. आणि कोर्टाला वेळ लागतो.’ काकांचं वय बघून तिने किती वेळ ते सांगितलं नाही.

इकडे खोलीला रंग लागला. रंगाचा वास जिन्याने खाली यायचा आणि काका तोंड फिरवून बसायचे.

मग एक दिवस दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. हातात छोटं रोपटं, चेहऱ्यावर निर्मळ हसू. लबाड माणसाचा राग करणं सोपं असतं. ही मुलगी लबाड नव्हती, हीच मोठी पंचाईत होती.

‘तुम्हीच मावशी ना? आम्ही वरच्या खोलीत राहायला येतोय. मॅनेजर सांगत होते, इथे सगळे तुमच्याकडे किल्ल्या ठेवतात. किती छान ना! अशी माणसं आता राहिली नाहीत.’

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या विश्वासाचा गळा घोटला, तोच आता खोलीबरोबर गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवला होता, दारातल्या कुंडीसारखा.

‘आमचा सोफा येणार आहे उद्या,’ मुलगी म्हणाली, ‘आणि आम्ही दोघंही ऑफिसात. सोफेवाल्यांना एवढी किल्ली द्याल?’

मावशीने तिच्याकडे बघितलं, रोपट्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आणि हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि काका जिना चढले. काका एकेका पायरीवर थांबत होते, आणि मावशी खालच्या अंगाने त्यांना टेकू देत होती. मग ती खाली आली, बसची सीट पाठीवर घेतली आणि ओझ्याने वाकत पुन्हा वर गेली. खिडकीशी ठेवली. काका बसले. भिंती पांढऱ्याफटक, खोली रिकामी, खिडकी तीच. मावशीने दाराबाहेर पायरीवर ठाण मांडलं. किल्ली आत काकांच्या खिशात.

सोफा आला आणि जिन्यातच अडकला. सोफेवाल्यांनी मुलीला फोन केला, मुलीने साखऱ्याला. दोघंही धावत आली, आणि साखऱ्या सोफ्यावर चढून अलीकडे आला. वरच्या खालच्या बिऱ्हाडांची दारं उघडली. पुन्हा कोणी आत गेलं नाही.

साखऱ्याचं हसू पहिल्यांदा कुठेतरी हरवलं होतं. ‘हे काय चालवलंय? कोणी उघडलं दार?’

‘मी,’ मावशी म्हणाली. ‘पाइप गळत होता.’

जिन्यात कोणीतरी फिसकन हसलं.

‘पोलिसांना बोलावतो!’

‘बोलाव की. कराराची नक्कल वकीलबाईंनी काकांना काढून दिलीय, ती दाखवतील. आणि आम्ही काही कुलूप तोडलं नाही हो. किल्ली तुझ्याच भाडेकरणीने दिली. आता तू जा कोर्टात. कोर्टाला वेळ लागतो म्हणे.’

मुलगी सोफ्याच्या पलीकडे उभी होती. ती उघड्या दारातून आत बघत होती, बसच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे. तिचे डोळे भरले होते.

‘मी विश्वासाने दिली होती किल्ली,’ ती म्हणाली.

‘हो गं,’ मावशी म्हणाली. तिचा आवाज उतरला. ‘मीही विश्वासानेच दिली होती. तुला फसवलं मी, त्याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तू आज रात्री जुन्या घरी जाशील. यांना जायला दुसरं घर नाही. तुझं भांडण माझ्याशी नाही, याच्याशी आहे. तुला दुसऱ्याचं घर भाड्याने देऊन मोकळा झालाय हा. विचार त्याला.’

मुलगी साखऱ्याकडे वळली. तिने खरोखरच विचारलं. साखऱ्या फोन कानाला लावून बाजूला सरकला, पण सोफ्यामुळे त्याला जायला वाट नव्हती.

तेवढ्यात वरून नर्सबाई उतरली, ड्युटीच्या कपड्यांत. साखऱ्याला कोपराने बाजूला सारून ती मावशीच्या पायरीशी आली आणि पर्समधून किल्ली काढली.

‘मावशी, मी निघाले. ही राहू दे तुमच्याकडे.’

मावशीने हात पुढे केला नाही. ‘आणि पाइप गळाला तर?’

‘तर आधी मला फोन करा,’ नर्सबाई म्हणाली. ‘आणि कोण सांगायला आलंय त्याचं तोंड बघा.’

तिने किल्ली मावशीच्या तळहातावर ठेवली. मावशीने मूठ मिटली. ती किल्ली तिने खिळ्यावर लावली नाही, एप्रनच्या आतल्या खिशात टाकली. आणि साखऱ्याला म्हणाली, ‘सरक. माझी इस्त्री तापत पडलीय खाली.’