यादीतलं पहिलं नाव

माझी धाकटी जाऊ मालकीण झाली आणि माझा जीव जळला. खोटं कशाला बोलू? लग्न होऊन आली तेव्हा तिला धड पुरण शिजवता येत नव्हतं. आणि आता उज्जैनला, आमच्याच घराच्या मागच्या खोल्यांत, तिच्या शिलाई मशिनी खडखडत होत्या. भैरवगढहून ठप्प्यांनी छापलेलं कापड यायचं, त्याच्या चादरी, पिशव्या व्हायच्या. देश धंद्या-व्यापाराला खुला झाला म्हणे! आमच्या घरात तो फक्त तिच्यासाठी खुला झाला.

मी दुपारी कापड बेतून, कापून द्यायचे. कात्रीवर हात बसलाय माझा. पगार-बिगार काही नाही, घरचंच काम.

मग दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली, पण अट घातली: कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर दाखवा. नोंदणीला वीस माणसं लागतील, असं वकिलाने सांगितलं. "वहिनी, फॉर्म बघता का जरा? माझं इंग्रजी म्हणजे राम भरोसे," म्हणत तिने कागद माझ्यापुढे ठेवले.

मालकाच्या रकान्यात तिचं नाव. असू दे. खाली कामगारांची यादी, आणि त्यात पहिलंच नाव माझं!

"हे काय गं?"

"तुम्ही मोठ्या ना! पत्रिकेत नाही का, आधी थोरल्यांचं नाव घालतो?"

अगं बाई, ही काय लग्नपत्रिका आहे? "म्हणजे मी तुझी नोकर?"

"काम तर तुम्ही करताच की, वहिनी. पगार घ्या, फंड जमेल. म्हातारपणी तेवढंच तुमच्या नावावर. दादांच्या नाही, तुमच्या."

ती मनापासून बोलत होती. ते मला तेव्हाच कळलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. मला द्यायला तिच्याकडे काहीतरी होतं! मी पट्टी-पेन घेतलं आणि माझं नाव खोडलं. वीसचे एकोणीस झाले. अडू दे हिचं, एवढंच मनात होतं, देवाशपथ.

अडलं कुठे? आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तिने विसावं केलं. त्यांना कापायला शिकवायचं कुणी? मीच. चरफडत शिकवलं. नंबर आला, पेढे आले. मी दोन खाल्ले आणि तोंडभर कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. घरात मी एकटी. किती वेळ बसणार? गेले, कात्री उचलली. भांडीवाल्या बाईंनी सरकून जागा दिली.

एक तारखेला जावेने पगाराचं रजिस्टर उघडलं आणि एकेकीला नावाने हाक मारली. वीस जणी उठून सही करून आल्या. मी खाली मान घालून कापत राहिले.