विजयादशमीला न उघडलेले अक्षरयंत्र

गदगच्या गुरुसिद्ध मुद्रणालयात नीलव्वा मेणसगी तीस वर्षे अक्षरे जुळवीत आहेत. आधी शिशाची, मग पडद्यावरची. माझ्या व्याकरणग्रंथाची पाने त्यांच्याच हातून उतरत होती, म्हणून मी तेथे नित्य जात असे. त्यांचे कन्नड अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर करणारी कंपनी केव्हाच बंद पडली. त्यातली कीबोर्डच्या कळांची जुनी मांडणी मात्र नीलव्वांच्या बोटांत मुरलेली. दुसरी त्यांना येत नसे. मालक विरूपाक्षप्पा अधूनमधून म्हणत, "हे एकदा बसलं की नवीन आणणार, आणि ते चालवणारी पोरगीही."

त्यांचा संगणक वर्षभर बंद होत नसे; वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चाले. खंडेनवमीला मात्र आयुधांना विश्रांती द्यायची, म्हणून त्याची तारही भिंतीतून काढली जाई. संगणकाच्या मागे खोचायची, सॉफ्टवेअरच्या परवान्याची बोटभर किल्ली, जिला तिथे सारे 'लॉक' म्हणत, तीही कागद कापायच्या पात्याशेजारी केळीच्या पानावर विराजमान होई.

यंदा विजयादशमीच्या सकाळी नारळ फुटला, नीलव्वांनी सारे जागच्या जागी जोडून बटण दाबले. संगणक उठला, सॉफ्टवेअर उठेना. इंग्रजीतली एक ओळ चौकटीत येई आणि मिटे.

"बसलं!" विरूपाक्षप्पा म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

संगणक दुरुस्त करणाऱ्या दावलसाब नदाफांना नीलव्वांनी फोन केला. दावलसाबांनी येताच लॉक उपसून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, लॉकला विभूती! याला काय जत्रेला न्यायचं होतं?"

"तुमच्या पेचकसाला काल कुंकू नव्हतं का, दावलसाब?"

"होतं. पण माझ्या पेचकसाला परवाना लागत नाही!"

स्पिरिटने लॉक लखलखीत झाले, पुन्हा बसवले. तीच ओळ. दावलसाब म्हणाले, "सॉफ्टवेअर काढून टाकू, नव्याने घालू."

नीलव्वांनी त्यांचा हात धरला. "थांबा. त्याची मूळ सीडी कधीच चरे पडून गेली. एकदा निघालं तर कायमचं निघालं." मग त्यांनी ती चौकट पुन्हा पुन्हा उघडून त्यातले इंग्रजी एकेक अक्षर पाहून कागदावर उतरवले, जसे अनोळखी लिपीतले हस्तलिखित उतरवावे तसे, आणि कागद माझ्यापुढे धरला. "सर, हे नेमकं काय म्हणतंय?"

मी वाचले: परवान्याची मुदत अद्याप सुरू झालेली नाही.

"संपली, असं नाही?"

"नाही. सुरू व्हायची आहे."

आम्ही सर्वांनी 'परवाना' एवढे पाहिले आणि उरलेले गृहीत धरले होते. जिज्ञासेचा जन्म संशयातून होतो, असे शास्त्रकार का मानतात, ते त्या क्षणी मला नव्याने उमगले. नीलव्वा पडद्याकडे पाहत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मग याच्या लेखी आज कोणता दिवस आहे?"

त्यांनी बाण खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला. एक जानेवारी, सॉफ्टवेअर घेतले त्याच्याही तीन वर्षे आधीचा.

दावलसाबांनी हसत संगणकाची पेटी उघडली आणि नाण्याएवढा एक सेल काढला. "मेला हा. तार भिंतीत असते तोवर याची गरज पडत नाही. तार काढली की तारीख याच्याच जिवावर. कधी मेला, कोणाला ठाऊक. कळलं मात्र काल तार काढली म्हणून."

"म्हणजे विभूतीचा दोष नाही," नीलव्वा म्हणाल्या.

"नाही, अक्का. पण पुन्हा फासू नका!"

नवा सेल बसला, तारीख दुरुस्त झाली, आणि माझ्या ग्रंथाचे अर्धवट पान पडद्यावर उभे राहिले. नीलव्वांनी एक ओळ जुळवून मुहूर्त साधला.

विरूपाक्षप्पा पडद्याजवळ आले. "आज चाललं, अक्का. पण किती दिवस? नवीन आणावंच लागेल."

"आणा की, धनी. पोरगी तेवढी आणू नका. आधी मला बसू द्या त्याच्यापुढे."

"मांडणी वेगळी असते. या वयात जमेल?"

"शिसं सोडून इथं बसले, तेव्हा तरी कुठं येत होती? चुकते कुठं ते बघत बघत शिकले."

विरूपाक्षप्पांनी पुन्हा एकदा पडद्यावरच्या पानाकडे पाहिले. "दिवाळीनंतर आणतो. महिनाभर बसा, मग बघू."

"महिनाभर म्हणालात हं," नीलव्वा म्हणाल्या, आणि दावलसाबांना विचारू लागल्या की नव्या मांडणीचा तक्ता कागदावर छापून आजच मिळेल का.