उडणाऱ्या पोराची आजी

बायको गेली तेव्हा तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, मुंबईच्या कंपनीच्या मशीनमध्ये. घरात कुणी मोबाइल धरला की ती तोंडावर पदर घ्यायची. सिनेमावाल्यांसमोर नाही घेतला. काम म्हणजे काम, म्हणाली.

बाळापूरकडच्या आमच्या गावात शूटिंग झालं. डायरेक्टर अमरावतीचा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला पोरगा आभाळात उडतो, लोकांना वाचवतो, अशी त्याची कथा. माझ्या बायकोला अंगणात कुणावर तरी ओरडताना बघितलं आणि पोराची आजी म्हणून तिलाच घेतलं. पैसा कंपनीचा, म्हणून कंपनीचा एक माणूस रोज खुर्ची टाकून बसायचा.

हिनं भाकर वाढली आणि म्हणाली, "उडतं त उड, पन पहिले जेवून घे." सगळे हसले. खुर्चीतला म्हणाला, हीरोची आजी रडली पाहिजे. परत घेतलं. हिला रडू येईना. सातव्या वेळी ती खुर्चीकडंच वळली, "कावून रडू जी? पोरगं उडून राह्यलं, मेलं थोडंच!"

डायरेक्टरनं गुपचूप पहिलंच ठेवलं. सगळ्या सीनमध्ये नेसलेलं हिरवं पातळ जाताना तिलाच देऊन टाकलं.

दिवाळीआधी ती अकोल्याच्या दवाखान्यात वारली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला आमच्यात हिरवं नेसवून नेतात. सुनेनं विचारलं, कोणतं? मी तेच काढून दिलं. तिच्या आवडीचं होतं.

तेरवी होऊन दीड महिना झाला आणि डायरेक्टरचा फोन आला. कंपनीला शेवट पटला नव्हता. आता पोरगा मुंबई वाचवणार, आजी आशीर्वाद देणार.

"काकाजी, आजी त राह्यल्या नाई. दुसऱ्या बाईले पाठमोरी उभी करतो. फक्त थे पातळ पाठवा."

"थे तिच्यासंगं जळलं."

तसलंच दुसरं शोधतो, म्हणाला.

तसलं पातळ त्यांना अकोल्यात मिळालं नाही, अमरावतीत नाही. जुन्या-नव्याचा मेळ बसेना. मग कंपनीनं दुसरी आजी आणली आणि हिचे सगळे सीन नव्यानं काढले. आमच्यासारखं अंगण मुंबईत उभं केलं म्हणे. उडण्याला लागला नाही एवढा पैसा त्या अंगणाला लागला.

मी डायरेक्टरला फोनवर म्हटलं, तुमचं तुम्ही करा, तिचं जुनं तेवढं मला द्या.

"सही झाली आहे काकाजी. जे काढलं थे कंपनीचं."

ती सही मीच तिला करायला लावली होती. कागद दोघांनीही वाचला नव्हता.

सिनेमा लागला, चार दिवसांत उतरला. त्यातली आजी रडते, छान शुद्ध बोलते. नंतर एका सकाळी डायरेक्टर घरी आला, ओट्यावर बसला.

"काकाजी, माह्या सिनेमाचं वाटोळं केलं त्यायनं."

"तू दुसरा काढशीन. तिचं काय झालं, थे सांग."

त्यानं मान खाली घातली. "पुसलं. मशीनमदी जागा पाहिजे होती त्यायले."

सून चहा घेऊन आली. त्यानं हात पुढं केला. मी तिला म्हटलं, परत ने.