कसाऱ्यासाठी राखलेला टर्बो

माझे कान आज शाबूत आहेत ते इस्माईलचाचांमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं शब्द चुकले तरी निदान एवढं तरी वाचणाऱ्यापर्यंत पोचावं. सातवीतनं शाळा सुटलेला मी माणूस, वाशिमकडचा. लिहायची सवय नाही, काळजी करायची मात्र जन्माची सवय. चाचा गेल्याचं सांगायला त्यांच्या कारखान्यातला एक कारीगर पडघ्याच्या रस्त्यावर माझ्या गॅरेजवर आला. दारात उभा राहिला, उघडा पंजा वर धरून हळूच मिटला. धागा तुटून लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबला की आमच्यात हीच खूण करतात. मला कळलं. इंजिन चालू होतं गिऱ्हाईकाचं, ते मी बंद केलं.

लूमच्या खटखटाटात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, म्हणून भिवंडीत कारखान्यात खुणांनी बोलतात. मूठ मिटली तर बंद. आणि तळहात आडवा धरून हवेत सरळ सरकवला, कापडाच्या ताग्यावरून हात फिरवावा तसा, तर सगळं सुरळीत. सत्त्याऐंशीच्या सुमाराला मी चाचांच्या कारखान्यात कामाला आलो तेव्हा ह्या खुणाही मला येत नव्हत्या आणि इथली हिंदीही. कारखान्यातच राहायचो. शुक्रवारी लूम बंद, सगळं गाव एकदम गप्प व्हायचं, आणि त्या शांततेत मला घराची आठवण यायची. बाकीचे हिंडायला जायचे. मी बसून राहायचो. चाचा नमाजाहून, जेवून, कारखान्यात यायचे, आणि रिकाम्या फरशीवर, कापडावर खुणा करायच्या खडूनं, इंजिन काढायचे.

त्यांची एक जुनी पेट्रोल गाडी होती, गोल पाठीची, फिकट हिरवी. घरात तिला सगळे मावशी म्हणत. खैरूनचाचींचं माहेर नाशिकला, आणि दर ईदेला जाताना कसाऱ्याच्या घाटात मावशी उकळायची. चाचा चाकामागं दगड लावायचे, चाची कठड्यावर बसायच्या, आणि खच्चून भरलेले ट्रकसुद्धा भोंगा वाजवत पुढं जायचे. ते चाचांच्या मनाला फार लागलेलं. मग एक दिवस कशेळीच्या गोदामात भंगारात निघालेल्या परदेशी जनरेटरवरचा टर्बो त्यांना मिळाला. मला त्यांनी तो दाखवला तो तान्ह्या पोराला दाखवावं तसा, कोऱ्या कापडात गुंडाळून. शंखासारखी दोन घरं, मधे एक दांडी, दोन्ही टोकांना पात्यांचं चाक.

"बग मास्तर," चाचा म्हणाले. सातवी नापास म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. "इंजिनाचा धूर फुकट जातो का न्हाय? तो हे चाक फिरवनार. ह्ये फिरलं की पलीकडचं फिरनार, आनि ते हवा कोंबनार इंजिनात. जास्त हवा, जास्त जोर. जो वाया जातो त्यालाच कामाला लावायचा."

पण नुसतं बसवून चालणार नव्हतं. त्याला तेल कुठून द्यायचं, गरम तेल परत कुठून आणायचं, कार्बोरेटर त्या दाबानं गळणार तर तो बंद पेटीत कसा ठेवायचा... एकेका शुक्रवारी एकेक गोष्ट फरशीवर यायची. शनिवारी लूम चालू झाले की कापसाची तुसं उडून त्या चित्रावर बसायची, बायका झाडू मारायच्या, आणि पुढच्या शुक्रवारी चाचा पुन्हा पहिल्यापासून काढायचे. दर वेळी थोडं वेगळं. पाइप वळण बदलायचा, नदीनं पात्र बदलावं तसा.

सगळ्यात मोठी भीती होती ठोक्याची. जास्त हवा कोंबली की पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आत हातोडी मारल्यासारखा ठोका पडतो आणि पिस्टनला भोक पडतं. तो ठोका कानांनीच ओळखायचा असतो. एका शुक्रवारी ठिणगी लवकर पडेल असं इंजिनाचं टायमिंग पुढं घेऊन आम्ही पडघ्याकडं निघालो, टर्बो न लावताच, ठोका कधी येतो ते नुसतं बघायला. चढ आला आणि मला आवाज आला. डब्यात खडे हलवावेत तसा. चाचा खुशीत ॲक्सिलरेटर दाबतच होते. मी घाबरून त्यांचं मनगट धरलं. मालकाचं मनगट! गाडी थांबली.

"काय झालं?"

"खडे वाजतायत चाचा. तुम्हाला नाही ऐकू येत?"

बाजूला शेतात एक बगळा उभा होता, चाचांनी त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "न्हाय. लूममधे गेलं सगळं." आणि माझ्याकडं वळून, "तुझंबी जाईल. उद्यापासनं लूमवर यायचं न्हाय. तुझे कान पाहिजेत मला."

खरंच त्यांनी मला ओळखीच्या गॅरेजात कामाला लावलं. कारखान्यात हशा झाला. सेठनं ऐकायला माणूस ठेवलाय, म्हणे. चाची म्हणाल्या, "बरं झालं. माझं तर ऐकत न्हाईत, तुझं तरी ऐकतील."

मग आम्ही ठोका पडू नये म्हणून हेडखाली जाड तांब्याची गॅस्केट घातली, आतला दाब कमी करायला. बरोबरच होतं, पण टर्बो अजून कापडात! त्याच अवस्थेत चाचा हौसेनं आम्हाला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले. आतला दाब कमी, वर कोंबलेली हवाही नाही, मावशीचा सगळा जीवच गेलेला. साध्या चढावर आम्ही उतरून ढकलत होतो, चाचींनी चपला हातात घेतलेल्या. "चालत आलो असतो तर आंगोळ करून परत पोचलो असतो," त्या म्हणाल्या. कुंडाच्या कडेला गरम पाण्यात पाय सोडून आम्ही तिघं बसलो. पाण्यावर वाफ, पलीकडं झाडं पुसट. चाचा एकदम म्हणाले, "हवा दाबली की तीबी आशीच तापनार रे. मधे कुठंतरी थंड करायला पाहिजे." आणि ओल्या बोटानं दगडावर पाइप काढू लागले. तो सुकत जायचा, ते पुढं काढत जायचे...

टर्बोचा जोर सोसतील तसे पिस्टन मिळेनात. लूमच्या धंद्याचे दिवस खालीवर झाले. मी विचारायचो, चाचा, कधी? ते हसायचे. "लावला की शुक्रवारी बोलायचं काय?" पण घाट त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते आणि कान पूर्ण गेले होते. घर शांत असूनही आम्ही लूमवरच्या खुणांनीच बोललो. त्यांनी हवेत स्टिअरिंग धरलं, हळूहळू वळवलं. एक वळण, दुसरं. मला कळलं, कसारा. मग माझ्याकडं बोट, आणि स्वतःच्या कानाकडं, म्हणजे तिथं ऐकायचं तू. मी हो म्हणून मान हलवली.

चाचांचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचींनी मला मावशीची किल्ली दिली. "एकदा माहेरी सोड मला. दगड नको लावायला लावूस." टर्बो आता माझ्या गॅरेजात फळीवर आहे, त्याच कोऱ्या कापडात. शुक्रवारी गाव गप्प झालं की मी तो सोडतो आणि बोटानं चाकाला एक टिचकी देतो. ते फिरत राहतं, फार बारीक आवाज करत, आणि थांबेपर्यंत मी ऐकतो.

चाचा, पिस्टन लेथवर कातायला दिलेत. एका शुक्रवारी चाचींना मागं बसवून मी तो घाट चढेन, काच खाली करून, सगळ्या वळणांना कान देऊन. परत आल्यावर गाडी कब्रस्तानाच्या भिंतीशी उभी करेन, तुमच्यापाशी येईन, आणि तळहात आडवा धरून सरळ सरकवेन.