खाणीच्या पट्ट्याची टाच

आमच्या घरात कोणतीच वस्तू तिच्या मूळ कामाला लागत नाही. फाटक्या साड्या वावराच्या कुंपणाला बांधल्या आहेत, रानडुकरं येऊ नयेत म्हणून. तेलाच्या पिप्याचे पत्रे उघडून न्हाणीला दार केलं. मालक, पोरीचे वडील, राजुऱ्याकडच्या खाणीतून कोळसा वाहणाऱ्या रबरी पट्ट्याचा टाकून दिलेला तुकडा घेऊन आले, तो अर्धा बैलाखाली अंथरला. उरलेल्या अर्ध्यातून मी पोरीच्या चपलेची टाच केली.

पोरीचं मांडीचं हाड लहानपणी मोडलं होतं. जुळलं, पण डावा पाय आखूड राहिला. मी तिला घरात उभी केली आणि कमरेची दोन्ही हाडं हाताला सारख्या उंचीला लागेपर्यंत डाव्या पायाखाली जुन्या वह्या सरकवल्या. तेवढ्याच जाडीचे पट्ट्याचे थर कापून चपलेला ठोकले.

जाऊ हसली. "आता कोळसा भरून पाठवशीन का वो तिले शाळेत?"

मीही हसले. पण पोर लंगडत नाही हे दिसायचं, आणि मला मनातून बरं वाटायचं.

यंदा तिची पाठ दुखायला लागली. चंद्रपूरच्या दवाखान्यात अधू पायांसाठी बूट बनवणाऱ्या माणसानं तिला अनवाणी उभं करून पायाखाली लाकडी फळ्या ठेवल्या. मग मी टाच ठोकलेली चप्पल हातात घेतली.

"टाच बोटभर जास्त झाली. त्यानंच पाठ वाकून राह्यली. कोणी केली, बाई?"

"बाजारातून घेतली," मी म्हणाले.

"हात चांगला आहे त्याचा. माप चुकलं. नवा बूट यायला महिना लागन, तोवर त्याच्याकडूनच एक थर काढून घ्या. पाठ किती सुधरते ते मग पाहू."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "माय, खोटं काऊन बोलली?"

"लाज वाटली मले."

 

माप कुठं चुकलं ते पाहायला घरी येऊन मी जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ दाराकडे गेलं. पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून हा उतार मीच सारवताना दिला होता. माप घेताना पोरीचा डावा पाय दाराकडे, म्हणजे उताराला होता, म्हणून वह्या जास्त लागल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर पाण्यानं भरलेली थाळी ठेवून पाहिली. पाणी सगळीकडून काठाला सारखं होतं. तिथं पुन्हा वह्या ठेवून माप घेतलं आणि एक थर कापला.  कुंपणाची साडी वाऱ्यानं उडाली तर दुसरी बांधता येते. पाठीला मी दुसरं काय बांधू?

पोर चप्पल घालून भिंतीपर्यंत गेली, परत आली.

"आता बरोबर आहे ना, माय?"

मी तिच्या कमरेवर दोन्ही हात ठेवले. हाडं सारखी लागली. मागच्या वेळीही सारखीच लागली होती.