आडवा आठ

डोंबिवलीतल्या गणित मंडळाच्या स्थापनेत माझा मोठा हात आहे. त्या हातात ब्रश होता, एवढंच.

काल सुनेनं ग्रिल रंगवायला काढलं. टर्पेंटाइनचा वास आला नि मी थेट त्या संध्याकाळी पोचलो.

आमच्या गल्लीतले गणिताचे सर शाळा सुटली की कल्याण-ठाण्याच्या मास्तरांकडे खेटे घालायचे, आपलं एक मंडळ काढूया म्हणून. शेवटी उद्घाटन ठरलं नि बोर्ड रंगवायला माझ्याकडे आला. नावापुढे काढायचं चिन्ह सरांनी चिठ्ठीवर दिलेलं, आडवा इंग्रजी आठ. मला वाटलं, घाईत पडला बिचारा. मी तो मस्त उभा केला, वर लाल शॅडोपण मारली.

हॉलवर बोर्ड लागला नि सरांनी डोक्याला हात लावला. "अरे, ते अनंताचं चिन्ह होतं! ज्याला शेवट नाही ते! आता लोक विचारतील, आधीची सात मंडळं कुठायत?"

मग ते दारात उभे राहून नुसते रस्त्याकडे बघत राहिले. मला तेव्हा वाटलं, माझ्यावर चिडलेत. आता कळतं, कोणी येतंय का नाही, याचीच त्यांना धाकधूक होती.

आले. सरांना धरून बरोब्बर आठ जण. सर खो खो हसले. "बोर्ड खरा ठरला रे!"

मी लगेच फुगलो. "म्हणजे सर, मीपण संस्थापक?"

"ब्रश इकडे दे," सर म्हणाले, "आठ मीच आडवा करतो. तू शिडी धर."