माजिवड्याची बरणी

आमच्या यांना दारूचं व्यसन नव्हतं. दारू घालणारी घरं बघत हिंडायचं व्यसन होतं. ठाण्याच्या आसपास ख्रिस्ती गावठाणांत दोन-चार घरी जांभळाची वाइन घालत. गावाबाहेर कुणाला त्यांचा पत्ता नसे. हे तिथं जायचे तेही नाताळ उलटल्यावर, बरण्या रिकाम्या झाल्या की. "आता गर्दी नसते, माणसं निवांत बोलतात," म्हणायचे. चमचाभर चाखायची आणि तासभर गप्पा हाणायच्या. दारूबंदी आली तरी खोड जाईना. कलेक्टर कचेरीतला कारकून माणूस, पकडला गेला तर नोकरी जाणार, चूल बंद होणार. मी भांडायचे, आणि एकटं सोडवत नाही म्हणून सोबतही जायचे.

त्या माघात आम्ही टेंभी नाक्यावरून टांग्यानं माजिवड्याच्या एका म्हातारीकडे गेलो. हे ओटीवर बसले. मला तिनं आतल्या खोलीत नेलं. सुक्या बोंबलांच्या वासात कोपऱ्यात एकच बरणी उरली होती. म्हातारी बरणीचं फडकं सोडणार, तेवढ्यात ओटीवर हवालदाराचा आवाज आला. तो यांना नोकरी विचारत होता, आणि यांनी ती खरी सांगितली!

मी बरणी पाठीशी घेऊन बसले आणि लुगड्याचा घोळ पसरला.

हवालदार आत आला. "बाई, उठा जरा. मागं काय हाय?"

"पुढं येऊ नका," मी म्हणाले. "मी बाहेरची आहे. शिवाल."

तो गर्रकन मागं सरला, देवाचं नाव पुटपुटला आणि चपला घालून चालता झाला. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या घरात असलं काही पाळत नव्हते.

परतताना हे टांगेवाल्याशेजारी पुढं बसले, मला शिवायला नको म्हणून. त्यांनाही ते खरंच वाटलं होतं. वर मान वळवून म्हणाले, "अगं, आधी सांगायचंस, आणलंच नसतं तुला."

मला रडू फुटत होतं. तिसरा महिना होता. तो सरेपर्यंत बोलायचं नसतं म्हणून सासूबाईंखेरीज कुणाला, यांनाही सांगितलं नव्हतं; मी दोन महिने बाजूला बसले नाही हे यांच्या लक्षात कुठलं यायला. आणि त्याच तोंडानं मी नको ते बोलून बसले होते. ते खरं झालं तर?

दारात आल्यावर हे म्हणाले, "थांब, आईला सांगतो, तुझी चटई बाहेर टाकायला."

"नका सांगू," मी म्हणाले. "खोटं बोलले मी. मला दिवस गेलेत."

हवालदारापुढं जराही न डगमगलेला माणूस, पण कडी सोडून उंबऱ्यावरच खाली बसला. त्यानंतर हे कुणाच्याही बरण्या बघायला गेले नाहीत. मी मात्र पुढचे सहा महिने रोज सकाळी आधी अंथरूण चाचपायचे, मगच उठायचे.